सहा बरण्यांतला वारा

मंगळवारी सकाळी तू बैलांना वैरण टाकलीस, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलास आणि उठला नाहीस. मी शाळेत पाढे घेत होतो. निरोप आला तेव्हा मुलं बारा साती चौऱ्याऐंशीपर्यंत पोचली होती.

आज अकरावा दिवस. घरात माणसं येतात, बसतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात आणि जातात. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल जे बोललं जातं, त्यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. तू होतास तोवर तुला "लोणचंवाला गिरधर" म्हणणारे काल म्हणत होते, असा कारागीर तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कोण खरं बोलतंय, कोण रीत पाळतंय, याचा मनातल्या मनात हिशेब चालला होता. मग ध्यानात आलं की सगळ्यांत जास्त तपासणी माझीच व्हायला हवी. म्हणून हे लिहायला बसलो.

तू माझ्या बायकोचा, सुभद्राचा, धाकटा भाऊ. मला दाजी म्हणायचास आणि दाजी म्हणून जितकी चेष्टा करायला मुभा असते तितकी पुरेपूर करायचास. मी लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या गावी आलो तेव्हा ताटातला आंबरस चाखण्याआधी मी विचारलं होतं, आंबा कुठला. तू जेवणाऱ्या सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणालास, "दाजी, आंबाले जातीना दाखला लागस का तुम्हना शाळामा?" त्यानंतर माझी बदली तुमच्याच गावच्या शाळेत झाली आणि ती चेष्टा रोजची झाली.

तुझं ते खूळ कधी सुरू झालं ते मी पाहिलं आहे. गावात प्रसूतीसाठी एक खोली बांधली गेली आणि नर्सबाई आल्या. खोली चांगली होती, पण उजेड नव्हता. कंदिलाची काच काजळायची आणि नर्सबाई म्हणायच्या, "मास्तर, मला मूल दिसत नाही हो, नुसतं हाताला लागतं." विजेचे खांब त्या वेळी शहाद्याच्या अलीकडे कुठेतरी अडले होते. तू विसरवाडीला गेलास. तिथे मुंबई-सुरतेकडच्या मोटारी थांबतात, मोडतात, त्यांचं भंगार पडून राहतं. तिथून तू एका ट्रकचा डायनामो घेऊन आलास, सागाच्या फळीचा पंखा तासलास आणि तुमच्या खळ्यातल्या उंच लाकडी डांबावर चढवलास. आषाढातल्या वाऱ्यात पंखा असा फिरला की खाली लावलेला मोटारीचा दिवा डोळे दिपवू लागला. माणसं पाहायला जमली. वारा थांबला, दिवा गेला. माणसं हसत हसत परत गेली.

त्या दिवशी तू हसला नाहीस. मला म्हणालास, "दाजी, उजेड करनं सोपं शे. उजेड ठेवनं कठीन शे. बाळंतीण काय वारा सुटानी वाट दखी का?"

मी म्हणालो, त्यासाठी बॅटरी असते.

"ती घेवानी ऐपत ऱ्हाती तं मी तुम्हले इचारतू कसाले?"

मग तू ज्या गोष्टीकडे वळलास ती मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. तुम्हा दोघांच्या आईच्या सहा मोठ्या चिनी मातीच्या बरण्या सुभद्राकडे होत्या. आई गेल्यावर तिच्या वाट्याला त्याच तेवढ्या आल्या होत्या. सुभद्राला त्या नावानिशी ओळखता येत. ही कैरीची, ही लिंबाची, ही मिठाच्या पाण्यातल्या आंब्यांची. बोटाने टिचकी मारून ती सांगायची, हिला आतून चीर आहे. तू तिच्याकडे त्या सहाही मागितल्यास. बॅटरीतलं तेजाब, म्हणजे आम्ल, फक्त चिनी मातीत आणि काचेत टिकतं, असं तू म्हणालास. तिने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः डोक्यावरून दोन खेपांत आणून दिल्या आणि तुला बजावलं, "तोंडं धोई ठेवजो. उघड्या टाकू नको."

तुटक्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवून तू त्याचे पत्रे ठोकलेस. दोन पत्र्यांमध्ये सातपुड्यातल्या बांबूच्या कामट्या घातल्यास, म्हणजे ते एकमेकांना चिकटणार नाहीत. बरणीत पाणी मिसळलेलं तेजाब. सहा बरण्या तारेने एकीला एक जोडलेल्या. आणि मग पाच महिने तू काय केलंस हे मी रोज येऊन पाहिलं, कारण मला त्यात काहीतरी खोट असल्याचा संशय होता. वारा आला की बरण्या भरायच्या. दिवा लावून रिकाम्या करायच्या. तारा उलट्या जोडून पुन्हा भरायच्या. पहिल्या दिवशी दिवा डोळा मिटण्याइतका वेळ लागला. महिन्याने एक बिडी ओढून होईपर्यंत. मी विचारलं, हे पुन्हा पुन्हा कशासाठी?

"पत्राले शिकाडी ऱ्हायनू. हाऊ बी पाढाच शे दाजी. तुम्हना पोऱ्ये एक दिनमा शिकतस का?"

मला ते उत्तर आवडलं आणि आवडलं म्हणूनच पटलं नाही. एका दुपारी तू जेवायला गेलास तेव्हा मी बरण्यांपासून दिव्यापर्यंत तारेवरून बोट फिरवत गेलो. कुडाच्या मागे लपवलेली विकतची बॅटरी असेल, असं वाटत होतं. नव्हती. तू दारात उभा राहून सगळं बघत होतास.

"वायर सरळ शे दाजी," तू म्हणालास. "नजर तेवढी वाकडी शे."

श्रावणात तू अंगणात चार काठ्यांना धोतर बांधून पावसाचं पाणी माठात धरायचास. बरण्यांतलं पाणी हळूहळू उडून जातं आणि त्यात विहिरीचं पाणी चालत नाही, एवढं तू मला सांगितलं होतंस. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात हे मला पुस्तकातून माहीत होतं, म्हणून त्या एका गोष्टीवर मी तुझ्यावर विश्वास ठेवला. बाकी कशावर नाही.

पुढच्या चैत्रापर्यंत तुझ्या बरण्या पुऱ्या शिकल्या. पंखा थांबल्यावरही दिवा संध्याकाळपासून गाव निजेपर्यंत टिकू लागला. भरलेल्या बरण्या न वापरता आठ दिवस तशाच राहत. नर्सबाई स्वतः पाहून गेल्या. पारावर लोक म्हणाले, "बरनीमा लोनचं मुरस आयकेल व्हतं, आते वारा बी मुरा." तू म्हणालास, "मन्हं लोनचं आठ दिनथून जास्त टिकत नई. पन आठ दिन टिकस."

हे तालुक्याला कळलं. विकास गटाचे एक साहेब आले. मोलगीकडच्या डोंगरात अशाच प्रसूतीच्या खोल्या होत होत्या आणि तिथे खांब पोचायला किती वर्षं लागतील हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. हे जर खरं असेल, तर तुला तिकडे नेऊन प्रत्येक खोलीत असा संच बसवायचा, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, यांचे नातेवाईक आहात. खरं काय ते तुम्ही लिहून द्या." परीक्षेची अटही मीच सुचवली. पंखा दोरीने बांधून ठेवायचा आणि दिवा लावायचा. पंखा फिरतच नसेल तर फसवण्याचा प्रश्नच उरत नाही. तू लगेच हो म्हणालास.

परीक्षेआधी पाच दिवस तू जादा दिवा आणायला विसरवाडीला गेलास. जाताना सुभद्राला सांगितलंस, बरण्यांकडे लक्ष ठेव, पत्रे उघडे पडू देऊ नको. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

तू परत आलास त्या दुपारी वारा चांगला होता. मी खळ्यावरून चाललो होतो. बरण्यांच्या खोलीतून एक वास आला. पटकीच्या साथीत विहिरीत पावडर टाकतात, तसा. नाकात चरचरणारा. मी थांबलो आणि मनात म्हणालो, सापडला. गिरधर यात कसली तरी पावडर टाकतो. म्हणून दिवा टिकतो. म्हणून तो मला सगळं सांगत नाही.

संध्याकाळी साहेब आले. पंखा मी बांधला, गाठ मी मारली. दिवा लावला, तो लालसर लागला, आणि साहेबांचा चहा निवायच्या आत विझला. तू बरणीवर वाकलास. झाकणाच्या कडेला पांढरं काहीतरी जमलं होतं, त्यावरून अंगठा फिरवलास. वास घेतलास. मग मान वर करून तू सुभद्राकडे पाहिलंस. ती दाराशी उभी होती. आणि तू साहेबांना म्हणालास, "मन्ही चूक व्हयनी साहेब. पत्रा पातळ पडनात."

मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत अहवाल लिहिला. त्याची भाषा मला आजही पाठ आहे. "सदर प्रयोगात काही पावडर वापरली जात असल्याचा संशय येतो. प्रत्यक्ष परीक्षेत दिवा टिकला नाही. यावर विसंबून राहणे योग्य होणार नाही." अक्षर सुरेख आलं होतं. डोंगरातल्या खोल्यांची गोष्ट तिथेच संपली.

आता मी तुला ते सांगतो जे मी तुला चार वर्षं सांगितलं नाही.

त्यानंतर महिन्याभराने, भर वैशाखात, सुभद्रा स्वयंपाकघरात मिठाच्या पाण्यातल्या आंब्यांची बरणी उघडून बसली होती. पाणी उडून वरच्या कैऱ्या उघड्या पडल्या होत्या. तिने मीठ घालून उकळलेलं, गार केलेलं पाणी वरून ओतलं आणि स्वतःशीच म्हणाली, "उघडं पडनं तं बुरशी येस. नुसतं पानी टाकं तं नासस." मी पुस्तक वाचत बसलो होतो. माझा हात पानावरच राहिला. तुझा पावसाच्या पाण्याचा माठ चैत्रातच आटला होता, हे मला आठवलं. तुमच्या आईच्या बरण्या. सुभद्राच्या मते त्या कायमच तिच्या होत्या, आत काहीही असो. बरणीतलं उघडं पडलं तर काय करायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शाळेत जाऊन कपाटातलं रसायनशास्त्राचं पुस्तक काढलं. मीठ, तेजाब, वीज. त्यातून निघणारा वायू तोच, जो विहिरीच्या पावडरीत असतो. तो शिशाला खातो. सगळं एका पानावर होतं, माझ्याच कपाटात, माझ्याच किल्लीखाली.

मी घरी आलो आणि गप्प बसलो. कारण शोधायला मला वेळ लागला नाही. सुभद्राला कळलं तर ती जन्मभर स्वतःला दोष देईल. गावाला कळलं तर म्हणतील, बाईचा हात लागला, बाटलं. लोणच्याच्या बरणीबाबत हे लोक काय काय मानतात हे तुला माहीतच आहे. ही कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली आणखी एक होतं. मला साहेबांना दुसरं पत्र लिहावं लागलं असतं, की माझा अहवाल चुकीचा आहे, पावडर नव्हती, मीठ होतं, आणि तेही माझ्या घरातलं. मी ते पत्र मनात पुष्कळदा लिहिलं. मायना लिहायचो आणि थांबायचो.

तू मात्र थांबला नाहीस. ते पत्रे तू फेकून दिलेस, नवे ठोकलेस, पुन्हा पाढे सुरू केलेस. त्या वर्षीच्या भाऊबीजेला तू सुभद्राला ओवाळणीत नंदुरबारहून आणलेल्या सहा कोऱ्या बरण्या घातल्यास. ती तुला रागावली, "इतल्या कसाले आन्यात?" तू म्हणालास, "त्या सहा आते मन्ह्या. ह्या सहा तुन्ह्या. आपापला लोनचाकडे आपापन दखो." सगळे हसले. मी हसलो नाही. मला तेव्हा पहिल्यांदा संशय आला की तुला माहीत आहे.

दीड वर्षाने तू तो संच नर्सबाईंच्या खोलीत नेऊन बसवलास. कोणाला बोलावलं नाहीस, मला विचारलं नाहीस. दिवा लागला आणि लागत राहिला. आपल्या शाळेत तीन-चार वर्षांनी जी मुलं पहिलीत येतील, त्यांतली काही त्या उजेडात जन्मली आहेत. मी त्या खोलीवरून दिवसातून दोनदा जायचो. आत गेलो नाही. आपण दोघं त्यानंतरही वाद घालत राहिलो, पाऊस कधी येईल, कापूस लावावा की केळी, शब्दकोशात अमका शब्द आहे की नाही. बरण्यांवरून कधीच नाही. एकदाच तू म्हणालास, "दाजी, डोंगरमा अजून बी कंदीलच शे म्हने." मी म्हणालो, हो, ऐकलं. तू बैलांकडे वळलास. तू मला संधी देत होतास की नुसतं सांगत होतास, हे मला अजून कळलेलं नाही. या अकरा दिवसांत मी त्या वाक्याचा कीस पाडला आहे. तुझा आवाज कुठे चढला, कुठे थांबला, सगळं तपासलं. जर तुला मिठाचं माहीत नव्हतं, तर तू आपल्या हातांना दोष देत गेलास आणि तो दोष मी तुझ्यावर राहू दिला. जर माहीत होतं, तर तू बहिणीला सांभाळलंस आणि मला चार वर्षं गप्प बसलेलं पाहत राहिलास. यांतलं कोणतं बरं, ते ठरवता येत नव्हतं.

काल दुपारी माणसं गेल्यावर सुभद्रा माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात तुझं धोतर होतं, तेच, पावसाचं पाणी धरायचं. मी फार दिवसांनी धीर केला. म्हणालो, "तुला एक सांगायचंय. त्या वेळी बरण्यांत जे पाणी घातलं गेलं—"

"मीठनं पानी," ती म्हणाली. "मीच टाकं व्हतं."

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दुसरा दिनले. गिरधर उना, माले इचारं, अक्का, तू काय टाकं व्हतं? मी सांगं. त्यानी इचारं, मी सांगं. त्यामा काय?"

"मग मला का नाही सांगितलं?"

ती धोतराची घडी घालत होती. घडी पुरी झाल्यावर बोलली. "त्यानीच ना सांगं. म्हने, दाजीले सांगू नको. दाजी लिखी टाकतीन. तुन्हं नाव कागदवर जाई."

धोतर मांडीवर ठेवून ती म्हणाली, "आनि तुम्ही कधी इचारं?"

गिरधर, मी आयुष्यभर तुझ्यावर संशय घेतला, आणि तो तू चेष्टेवारी नेलास. तूही माझ्यावर संशय घेत होतास हे मला माहीत नव्हतं. तुझा खरा निघाला. मी लिहिलंच असतं. त्या पहिल्या आठवड्यात जर मला कळलं असतं, तर मी नव्या अहवालात "लेखकाच्या पत्नीकडून अनवधानाने" असं सुरेख अक्षरात लिहिलं असतं आणि सत्य लिहिल्याचं समाधान मानलं असतं. तू माझी नजर ओळखलीस तशी माझी लेखणीही ओळखलीस. तारेवरून बोट फिरवत गेलेला माणूस मीच होतो. स्वतःच्या बायकोला एक प्रश्न विचारायला मला चार वर्षं लागली आणि तुझं मरण लागलं.

तुझे आभार मानायचे होते, ते मानतो. तू तिला तो दोष एकटीला वाहू दिला नाहीस. मलाही तू कधी उघडं पाडलं नाहीस. तुमच्या घरात उघडं पडू न देण्याची रीतच आहे, हे मला उशिरा कळलं.

आज सकाळी मी तालुक्याला पत्र लिहिलं. आधी सुभद्राला वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं की बरण्यांत चुकून मिठाचं पाणी गेलं होतं, ते कोणाच्या हातून हे महत्त्वाचं नाही. ती म्हणाली, "मन्हं नाव टाका. नई तं त्या तुम्हना सारखाच इचार करत बसतीन, कोन व्हतं, कोन व्हतं." मी नाव घातलं. पावडर नव्हती हे लिहिलं. तो संच अडीच वर्षं चालू आहे हे लिहिलं. माझा अहवाल संशयावर आधारलेला होता आणि मी तपास करण्याऐवजी अंदाज केला, हेही लिहिलं. ते साहेब आता तिथे आहेत की बदलून गेलेत, पत्र कोणी वाचेल की नाही, मला माहीत नाही. विश्वास नाही म्हटलं तर तू हसशील.

दुपारी नर्सबाईंकडे गेलो. पहिल्यांदाच आत गेलो. त्या म्हणाल्या, "आता पाणी कोण बघणार, मास्तर?"

खोलीत सहा बरण्या आहेत. माठात पावसाचं पाणी निम्म्याहून थोडं जास्त आहे. सुभद्राने तुझं धोतर धुऊन पुढच्या पावसासाठी ठेवलं आहे. दर सोमवारी शाळा सुटल्यावर बरण्यांची पातळी मी बघणार आहे.